ती रानमोहरी नव्हे

‘रस्त्याकडेची पिवळी रानमोहरी म्हणजे फुकटचं वाण! बी फोडणीला घाला, पानांचा रस कानात पिळा, कानदुखी गायब.’ दोन फोटो जोडलेला हा मजकूर चतुर्थीच्या आधीपासून आमच्या वाड्यावरच्या मोबाइलांत फिरतोय.

मोहरीशी साम्य म्हणाल तर पाकळ्या चार, एवढंच. मोहरीच्या पाकळ्या क्रुसासारख्या समोरासमोर असतात आणि पुंकेसर सहा: चार लांब, दोन आखूड. पहिल्या फोटोत पाकळ्या एकाच बाजूला कललेल्या, पुंकेसर दहाच्या वर, पान तीन-पाच दलांचं. झाड हाताला चिकट, वास उग्र. ही पिवळी तिळवण. फार तर मोहरीची चुलत बहीण. १९९८च्या वर्गीकरणात तिला मोहरीच्या कुळात घेतलं होतं, २००९मध्ये वेगळं काढलं.

फोडणीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. देशात काही ठिकाणी तिळवणीचं बी मोहरीसारखं वापरतात. घोळ दुसऱ्या फोटोत आहे. पांढऱ्या शिरांची काटेरी पानं, काटेरी बोंड, मोडल्यावर पिवळा चीक: हा पिवळा धोत्रा, अफूच्या कुळातला. माटोळीसाठी, म्हणजे चतुर्थीला गणपतीवर बांधायच्या रानफळांच्या मंडपीसाठी, रान धुंडाळणाऱ्यांनीही हा फोटो पुढे पाठवावा, याचं मला नवल वाटतं. या धोत्र्याचं काळं गोल बी मोहरीत मिसळलं तर ओळखू येत नाही. त्याच्या तेलातल्या सँग्विनारिन या विषामुळे केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं, पाय सुजतात, हृदय थकतं, कुणाला काचबिंदूही होतो. त्याच १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोत्र्याची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने ६०हून अधिक माणसं दगावली.

कानाचं काय? तिळवणीला कानफुटी म्हणतात खरं, पण फुग्यांसारखी फळं धरणाऱ्या कपाळफोडीच्या वेलालाही तेच नाव आहे. मग रस नेमका कुणाचा पिळायचा? आणि पडदा फाटलेला असेल तर पिळलेलं सगळं थेट मधल्या कानात जातं. आधी डॉक्टरला कान दाखवा.

खनिजाचे ट्रक जातात तिथली तांबड्या धुळीने माखलेली पानं तर कानात काय, ताटातही नकोत.

शेजारच्या काकींनी मजकूर वाचून बरणीभर बी जमवलं होतं. मी विचारलं, “काकी, बोंडं काटेरी होती?”

“नाही रे, बारीक उभ्या शेंगा. बोटं चिकट झाली नुसती.”

म्हणजे तिळवणच.