सत्तर रुपये आणि एक डेम

अशोक सराफ यांना २०२५च्या जानेवारीत पद्मश्री जाहीर झाली, त्याच आठवड्यात पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. आनंद अर्धा, वैताग अर्धा. "दादा, सत्त्याहत्तराव्या वर्षी! तुमच्या इंग्लंडात असं चालतं का रे?"

चालतं. विनोदी नटी मार्गारेट रदरफर्ड १९२५ साली लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात उभी राहिली. हनुवटी थरथरवत, ढगळ कोटात तिने चाळीस वर्षं इंग्रजांना हसवलं, अगाथा ख्रिस्तीची म्हातारी गुप्तहेर मिस मार्पल तर सत्तरीत साकारली. 'डेम', म्हणजे बायकांना मिळणारा 'सर'च्या तोडीचा किताब, मिळाला १९६७ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. अशोकमामांपेक्षा तीनच वर्षं आधी. हसवणाऱ्याला थांबवून ठेवण्यात साहेबही कमी नाही. 'हे फक्त आपल्याकडेच' हे वाक्य मी इथे आल्यापासून जपून वापरतो.

एक फरक मात्र आहे. इथे 'कॅरेक्टर अ‍ॅक्टर' हा शब्द आदराने येतो. आपल्याकडे एक तर नायक, नाही तर विनोदी नट. 'चरित्र अभिनेता' म्हटलं की शाल पांघरलेले वडील. म्हणून मामांना आपण 'विनोदाचा सम्राट' करून मोकळे होतो, आणि त्यांचं खरं काम नजरेतून सुटतं.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) बघा. घरमालक सरपोतदार, म्हणजे सुधीर जोशी, औषधासाठी दिलेल्या पैशांची चौकशी करतात. धनंजय माने, म्हणजे मामा, दुखवट्याच्या आवाजात सांगतो, सत्तर रुपये वारले. डोळे मिचकावणं नाही, आवाज चढवणं नाही. चेहरा असा, की सांत्वन आपणच करावं. त्या सिनेमात दोघे मित्र साड्या नेसून धावतात. हा माणूस सरळ उभा राहतो, म्हणून ती धावाधाव खरी वाटते.

भाच्याचं म्हणणं वेगळं. विनोदी सिनेमांच्या त्या लाटेने मराठी सिनेमा थिल्लर केला, असं तो म्हणतो. थोडं खरंही आहे. त्या काळातले काही सिनेमे मीही पंधरा मिनिटांत बंद केलेत, आणि त्यांत मामाही होते. पण स्टेट बँकेतली नोकरी सांभाळत नाटक-सिनेमा करणारा माणूस कामाला काम म्हणूनच भिडतो. 'पांडू हवालदार' (१९७५) मध्ये दादा कोंडक्यांसमोर उभं राहायचं, वीस वर्षांनी 'करण अर्जुन'मध्ये मुनीम व्हायचं. 'हिंदीने त्यांना नोकरच केलं' ही आपली जुनी तक्रार. मला तो मुनीम आवडतो, चार प्रसंगांतच, पण 'ठाकूर तो गियो' आजही लोकांच्या तोंडी आहे. परक्या मुलखात जागा बारकी मिळते, ती कशी भरायची हे इथे येऊन थोडंफार कळलंय.

हे सगळं मी भावाला ऐकवलं. तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "बरं, सरळ उभं राहणाऱ्याचंच मोठेपण ना? मग त्या प्रसंगात समोर सुधीर जोशी काय करत होते? ते तर २००५ सालीच गेले."

मी विषय बदलला, आईच्या गुडघ्याचं विचारलं.