जेडची पानं मऊ पडली म्हणून रोज पाणी? आवरा!

परवा डोंबिवलीच्या मावशीचा फोन. "अगं, तू दिलेलं जेडचं झाड पार बसलं बघ. रोज वाटीभर पाणी घालतेय तरी." रोज? भर जुलैत? तर म्हणे सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं, 'जेडचे आजार ओळखा घरच्या घरी', चार पॉइंट आणि वर फोटो कोरफडीचा. माझ्याकडेही हे तीनदा येऊन गेलंय, तेव्हा गप्प बसले, आता नाही बसवत.

पहिला पॉइंट, ज्याने मावशीचं झाड घालवलं: 'पानं मऊ पडली म्हणजे झाड तहानलंय, रोज पाणी द्या.' अर्धं खरं आहे, मान्य. तहानलेल्या जेडची पानं सुरकुततात, पातळ होतात, आणि एकदा भरपूर पाणी दिलं की काही दिवसांत परत टरटरीत. पण पाणी जास्त झालं तरी पानं मऊच पडतात की! तेव्हा ती पिवळट, पाणी भरल्यासारखी दिसतात, नुसता हात लागला तरी टपाटप गळतात, खोड मातीजवळ काळं पडतं आणि दाबलं तर पिचपिचीत लागतं. खरी मेख तर पुढेच आहे, मुळं कुजली की पाणी ओढूच शकत नाहीत, मग कुंडीत चिखल असूनही पानं सुरकुततात, आपल्याला वाटतं तहान आणि आपण अजून ओततो. म्हणून आधी माती बघायची, पान नंतर. आइस्क्रीमची काडी तळापर्यंत खुपसा, ओली निघाली तर पाणी बंद. अमेरिकेतल्या क्लेमसन युनिव्हर्सिटीच्या जेडवरच्या माहितीपत्रकात सरळ लिहिलंय, या झाडाचा सगळ्यात गंभीर रोग म्हणजे मूळकूज, आणि ती होते फार ओल्या, निचरा नसलेल्या मातीमुळे. मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं झाड, पानांत पाणी साठवणारं, पाणी उडू नये म्हणून पानांची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडणारं, त्याला पावसाळ्यात कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या भुशात) रोज वाटीभर? त्यात मावशीची कुंडी चिनी मातीची, खाली भोकच नाही. (नर्सरीत जेड म्हणून छोट्या पानांचं पोर्टुलाकारियाही देतात, ते वेगळं झाड, पण पाण्याचं गणित तेच.)

'पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस म्हणजे बुरशी, ताक शिंपडा.' अहो तो पिठ्या ढेकूण आहे, किडा! आंबट ताक शेतात बुरशीवर मारतात हे खरं, पण याच्या अंगावर मेणचट थर असतो, ताकाने फक्त घरात वास आणि चिलटं. रबिंग अल्कोहोलमध्ये (मेडिकलमध्ये मिळणारं स्पिरिट) इअरबड बुडवून एकेक पुसून काढा, आठवड्याने परत बघा.

'कडा लाल झाल्या तर रोग, अंधारात ठेवा.' अजिबात नाही, भरपूर उन्हाने कडा लाल होतात, अंधारात ठेवलंत तर झाड काटकुळं होऊन लांब वाढेल.

चौथा पॉइंट, 'पानं गळली म्हणजे घरावरची नजर झाडाने घेतली.' याला काय बोलणार.

मावशीच्या झाडाचं खोड गेलंच होतं. वरच्या दोन फांद्या, आतून एकही काळा ठिपका नाही अशा जागी कापून आणल्यात, काप सुकायला ओट्यावर पेपरवर ठेवल्यात, चार-पाच दिवसांनी वाळूमिश्रित कोरड्या मातीत लावीन. मावशीचा रोज सकाळी फोन येतो, "अगं, पाणी घातलंस ना त्यांना?"