कशावर संशोधन व्हावं हे 'त्यांना' का विचारायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेला माणूस एवढा वेळ काढून विरोधात लिहितो, तेव्हा घाईत उत्तर देणं मला बरं वाटेना. म्हणून चार दिवस लागले.

बाकीच्या वाचकांसाठी आधी मुद्दा सांगते. एचआयव्हीवरचं पुढचं संशोधन कशावर व्हावं, हे ठरवताना एचआयव्हीसह जगणाऱ्यांचं आणि त्यांच्या घरच्यांचं म्हणणं आधी ऐकून घ्यावं, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर सरांचं म्हणणं असं: विज्ञान बहुमतानं चालत नाही. ज्यांना विषाणू आणि जिवाणू यांतला फरक माहीत नाही, त्यांना संशोधनाची दिशा काय विचारायची? शेवटी ज्यांचा आवाज मोठा त्यांच्याकडे पैसा जाणार. आणि आता औषधं फुकट मिळतात, माणसं जगतात, मग एवढं संशोधन हवंच कशाला?

पहिल्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. औषध चालतं की नाही, हे हात वर करून ठरत नाही. पण कुठला प्रश्न प्रयोगशाळेत न्यायचा, हे कोण ठरवतं? तिथं काय होतं याचं मला सगळ्यात जास्त टोचणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे.

१९८० च्या दशकात तिथं 'एड्स' कशाला म्हणायचं याची यादी तयार झाली, ती मुख्यतः पुरुष रुग्णांना जे आजार होत होते त्यांवरून. बायकांना एचआयव्हीमुळे वेगळंच काही होत होतं. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग, ओटीपोटातले वारंवार होणारे संसर्ग. हे यादीत नव्हतं. त्यामुळे बाई मरणाच्या दारात असली तरी कागदावर तिला एड्स नव्हता, आणि एड्स नाही म्हणून अपंगत्वाचा सरकारी भत्ताही मिळत नव्हता. हे शोधून काढलं ते त्या बायकांनी, त्यांच्या वकिलांनी आणि 'ॲक्ट अप'मधल्या कार्यकर्त्यांनी. ('ॲक्ट अप' म्हणजे रुग्णांच्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरणारी तिथली एड्सविषयक चळवळ.) निदर्शनं केली, कोर्टात गेले. अखेर १ जानेवारी १९९३ पासून व्याख्या बदलली. गर्भाशयमुखाचा पसरलेला कर्करोग, फुप्फुसाचा टीबी आणि पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया यादीत आले, आणि सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा, २०० च्या खाली गेला तरी एड्स धरला जाऊ लागला.

सर, यात कुणाही शास्त्रज्ञाची चाचणी चुकली नव्हती. सगळं मोजमाप बरोबर होतं, पण ज्यांना मोजायचं त्यातून बायका सुटल्या होत्या. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर बायकांच्या साधारण सहापट असतो, हे आज जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी आठ वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या सरकारी केंद्रावर, समुपदेशक होते. "मॅडम, अंगावरून जातंय, ते या आजारामुळं का?" हा प्रश्न मला पहिल्या महिन्यातच ऐकू आला होता. विचारणाऱ्या बाईला विषाणू म्हणजे काय ते सांगता आलं नसतं, पण प्रश्न अगदी नेमका होता.

तुमच्या बाजूनंही एक उदाहरण देते, नाहीतर मी सोयीचं तेवढंच सांगितल्यासारखं होईल. त्याच काळात अमेरिकेतले रुग्ण डेक्स्ट्रान सल्फेट नावाचं औषध जपानहून चोरून आणत होते आणि ते सगळ्यांना मिळावं म्हणून भांडत होते. पुढं चाचणीत दिसलं की तोंडानं घेतलं तर ते रक्तात जवळजवळ उतरतच नाही. मागणी जोरदार होती आणि साफ चुकीची होती. तेव्हा लोकांना औषध हवंय हा ते गुणकारी असल्याचा पुरावा नव्हे, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

पण याच चळवळीतली माणसं पुढं काय शिकली तेही बघा. १९९२ मध्ये तिच्यातूनच 'ट्रीटमेंट ॲक्शन ग्रुप' निघाला. १९९४ मध्ये एचआयव्हीवरच्या सॅक्विनाविर या नव्या औषधाला घाईनं मंजुरी द्यायचं चाललं होतं, तेव्हा या गटानं सांगितलं की आधी मोठी चाचणी घ्या, थोड्या लोकांवरच्या आकड्यांवर भागवू नका. स्वतःच्या अंगात विषाणू असलेली, हाताशी वेळ कमी असलेली माणसं 'थांबा, नीट तपासा' म्हणत होती. अडाणी म्हणून यांना बाहेर ठेवलं असतं, तर विज्ञानाचंच नुकसान झालं असतं.

आता तुमच्या 'त्यांना काय कळतं'वर. मे २०१८ मध्ये बोट्सवानातल्या त्सेपामो अभ्यासातून धक्कादायक आकडा आला. गर्भ राहण्याच्या वेळी डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीवरचं नवं औषध घेत असलेल्या ४२६ बायकांच्या बाळांपैकी चौघांना मज्जारज्जू किंवा मेंदूचा जन्मदोष होता. टक्केवारीत ०.९४, इतर औषधांवर ती ०.१२ होती. काही देशांनी लगेच ठरवलं की मूल होऊ शकेल अशा वयाच्या बाईला हे औषध द्यायचंच नाही. तिला जुनं एफाव्हिरेन्झ. सेंटरवर ज्यांनी काम केलंय त्यांना एफाव्हिरेन्झ म्हणजे काय ते माहीत आहे. रात्री गोळी घेतली की गरगरतं, भयानक स्वप्नं पडतात, सकाळी कामावर जाताना डोकं जड. काहीजणी त्यापायी गोळ्याच सोडून द्यायच्या.

जुलै २०१८ मध्ये आफ्रिकेतल्या अनेक देशांतल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या बायका रवांडात किगालीला जमल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: धोका आम्हाला समजावून सांगा, गर्भनिरोधकं मिळतील असं बघा, आणि निवड आमच्यावर सोडा; सरसकट दार बंद करू नका. धोका नाकारला नाही त्यांनी. एका पारड्यात बाळाला असलेला लहान धोका आणि दुसऱ्यात आईनं औषध सोडण्याचा मोठा धोका, हे माप त्यांनी मांडलं, कारण दोन्ही पारडी त्यांच्याच घरात होती. अभ्यास चालू राहिला, बाळंतपणं वाढली तसं प्रमाण खाली येत २०२० मध्ये ०.१९ टक्क्यांवर आलं. जुलै २०१९ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं हे औषध सगळ्यांसाठी पहिल्या पसंतीचं ठरवलं होतं. आज आपल्याकडेही सेंटरवर बहुतेकांना मिळते ती एकच गोळी यावरच उभी आहे.

न विचारल्यानं काय होतं, तेही एका परिच्छेदात सांगते. २००४ मध्ये कंबोडियात नॉम पेन्हला वेश्याव्यवसायातल्या ९६० बायकांवर टेनोफोविर या एचआयव्हीवरच्या औषधाची चाचणी होणार होती. रोज गोळी घेतली तर लागण टळते का, हे बघायचं होतं. बायकांनी विचारलं, पुढं दुष्परिणाम झाले तर आमच्या उपचाराची जबाबदारी कुणाची? चाचणी संपल्यावर काय? समाधानकारक उत्तर मिळालं नाही. वाद पेटला आणि ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी चाचणी सुरू व्हायच्या आधीच बंद केली. चाचणीचा प्रश्न चांगला होता, औषधही पुढं उपयोगी ठरलं. पण आधी सहा महिने त्या बायकांसोबत बसून बोलणं झालं असतं, तर कदाचित ते उत्तर तिथूनही आलं असतं.

मोठ्या आवाजाबद्दल तुम्ही लिहिलंय ते मला सगळ्यात जास्त पटलं. मीही पाहिलंय. एका बैठकीला 'समुदायाच्या प्रतिनिधी' म्हणून आमच्याकडची एक बाई बोलावली होती. चाळीस पानांचा इंग्रजी कागद तिच्यासमोर ठेवला आणि दोन तासांनी विचारलं, काही सूचना? ती म्हणाली, "नाही सर, चांगलंय." तिची त्या दिवसाची मजुरी बुडाली होती आणि एसटीचे पैसे तिनं पदरचे घातले होते. इतिवृत्तात मात्र 'समुदायाची संमती' अशी नोंद झाली. याला मी लोकांचं म्हणणं घेणं म्हणत नाही. ईमेलवर सूचना मागवल्या तर ज्यांच्याकडे ईमेल आणि इंग्रजी आहे तेच लिहिणार, आणि तुमची भीती खरी होणार.

म्हणून विचारायची पद्धत बदला असं माझं म्हणणं आहे. लोक गोळ्या न्यायला येतात त्या दिवशी, सेंटरवरच, मराठीत, कन्नडमध्ये, त्यांच्यासारखंच जगणाऱ्या माणसाकडून विचारा. नाव लिहून घेऊ नका. गावात कळेल ही धास्ती, एचआयव्ही असल्याचं गुप्त ठेवायला सांगणारा २०१७ चा कायदा आला तरी, गेलेली नाही. बुडालेली मजुरी द्या. आणि त्यांच्या कुठल्या प्रश्नाचं पुढं काय झालं, ते परत येऊन सांगा. हे शेवटचं जवळजवळ कुणीच करत नाही. पुण्यातल्या जोडप्यांनी ज्या जागतिक चाचणीत भाग घेतला, त्या चाचणीनं २०११ मध्ये दाखवलं की वेळेवर उपचार सुरू केले तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. एवढी मोठी गोष्ट! आणि माझ्यासमोर नंतर कितीतरी वर्षं अशी नवराबायको बसायची, ज्यांना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

राहिला पैशाचा मुद्दा. माणसं जगतात म्हणूनच नवे प्रश्न आलेत. २००४ मध्ये सरकारी एआरटी सुरू झाली तेव्हा पस्तिशीत असलेली बाई आता पंचावन्नच्या पुढं गेली आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना हृदयविकार टाळण्यासाठी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, द्यावं का, हे ७,७६९ लोकांवर तपासून २०२३ मध्ये उत्तर आलं, आणि त्यात भारतातलेही लोक होते. सरकारी एआरटी सुरू झाली तेव्हा असं संशोधन फारसं कुणाच्या यादीत वर नव्हतं.

नोकरी सोडताना मी माझ्या वहीतले प्रश्न मोजले होते, लोकांनी मला विचारलेले आणि मला उत्तर देता न आलेले. एकोणपन्नास भरले. पाळी गेल्यावर या गोळीनं हाडं किती झिजतात, आणि डोक्यावर ओझं वाहणाऱ्या, दूध परवडत नसलेल्या बाईची किती? ऊसतोडीला सहा महिने कारखान्यावर असताना गोळ्या चुकल्या तर नेमकं किती दिवसांनी धोका? जन्मापासून गोळ्या खाणाऱ्या पोराला हे कुठल्या वयात, कसं सांगायचं? सर, यातले कुठले प्रयोगशाळेत नेण्याजोगे आहेत आणि कुठले नाहीत, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. वही टाइप करून घेतली आहे. तुम्ही हो म्हणालात तर पाठवते.