'घड्याळ लावून बसणाऱ्या' ताईचं उत्तर

कोलोनोस्कोपीवरच्या (नळी घालून मोठं आतडं आतून बघण्याची तपासणी) माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: "ताई, सांबारवडीचंच लिहा. गूगल वाचून डॉक्टरांसमोर घड्याळ लावून बसू नका. आतड्याला छिद्र पडण्याचा आकडा फुगवलात आणि पंचेचाळिशीपासून तपासणी करायचा नियम अमेरिकेचा आहे."

छिद्राचं खरं आहे. 'शंभरात एखाद्याला' लिहिलं, ते चुकलं. स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे काही त्रास नसताना केलेल्या तपासणीत, हे प्रमाण हजारात एकाहूनही कमी असतं. दुरुस्त केलं, आभार. पंचेचाळिशीचं पुन्हा कधी.

पण 'ताई' म्हणायचं आणि लगेच स्वयंपाकघराचा रस्ता दाखवायचा, ही कुठली रीत हो? अन् ते घड्याळ माझं नाही. नळी आतड्याच्या टोकापर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत नेली की खरं बघणं परत काढताना होतं. घडीमागची चपटी गाठ तेव्हाच सापडते. त्या परतीला किमान 6 मिनिटं द्या, हे पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनांनीच ठरवलं. 2024 मध्ये 8 केली (हो, अमेरिकेतल्याच संघटनांनी, लगेच तुटून पडू नका). 2014 च्या एका मोठ्या अभ्यासात तर डॉक्टरागणिक हिशेब मांडलाय: शंभर तपासण्यांमागे अ‍ॅडेनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारी गाठ) सापडणारा एक रुग्ण वाढला, की पुढे कॅन्सर निघण्याचा धोका 3 टक्क्यांनी कमी. म्हणजे कोण बघतं आणि किती नीट बघतं, याने फरक पडतो. हे विचारणं अपमान कसा?

आणि गूगल म्हणाल तर मी हे दादाच्या पलंगाशेजारी शिकले. मे महिना, कूलर घरघरत होता, आणि दादा तपासणीआधी पोट साफ करायचं ते खारट-लिंबू औषध जगच्या जग रात्रीच संपवून राहिला होता. अर्धं रात्री, अर्धं पहाटे घ्यायचं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. इथल्याच एका दवाखान्याने रिपोर्ट दिला: 'तयारी अपुरी. बाकी नॉर्मल.' पोट साफ नाही तर नॉर्मल कशावरून? नळी टोकापर्यंत पोचल्याचा पुरावा म्हणून सीकमचा फोटो असतो, तोही नव्हता. दीड वर्षाने रक्त पडलं. दुसरीकडे दाखवलं तर गाठ नेमकी सीकमजवळ. ऑपरेशन झालं, दादा बरा आहे. तेव्हा तुम्ही नव्हता तिथे.

आमच्या नागपुरात धंतोली-रामदासपेठेत पावलापावलावर दवाखान्याची पाटी आहे. आत जाऊन दोन प्रश्न विचारले तर कोणी हाकलत नाही, मी विचारलेत.

तुमची तपासणी झाली असेल तर फाइल काढा, सीकमचा फोटो आहे का बघा. मग या भांडायला.