गिअर अडतो म्हणजे गिअरबॉक्स गेलाच, असं नाही

‘गिअर जड पडतोय, न्यूट्रल सापडत नाही, म्हणजे गिअरबॉक्स गेला, लगेच उघडून घ्या’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी लोकांचा नाहक खर्च होतो म्हणून हा खुलासा.

कार असेल तर इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर अलगद पडतात आणि चालू इंजिनवर अडतात, तर बहुधा क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाहीये. हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर त्याच्या ऑइलची पातळी आणि गळती आधी तपासा.

बाईकला ही चाचणी नीट लागू होत नाही. उभ्या बाईकचा धडधाकट गिअरही कधीकधी अडतो. चाक जरा पुढेमागे केलं की पडतो. तिथे क्लच लिव्हर बघा. बऱ्याच बाईकना लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळी हालचाल लागते (नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो). त्याहून सैल असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लचच्या प्लेटा एकमेकींना घासत राहतात. केबलचा ॲडजस्टर फिरवून बघा. केबलच्या तारा उसवलेल्या दिसल्या तर केबलच बदला.

मात्र चालत्या गाडीत गिअर आपोआप निसटत असेल, तर दोष खरोखर आत असू शकतो. तेव्हा चालढकल नको, मेकॅनिकला दाखवाच.