रात्री बाहेर कोण जातंय?

भुताच्या गोष्टीत कुणालाच कधी शू लागत नाही, ही या अख्ख्या साहित्यप्रकाराबद्दल माझी जुनी तक्रार आहे. निर्जन जंगल असतं, मिट्ट काळोख असतो, तंबूच्या कापडावर बाहेरून काहीतरी टपटपत असतं, आतली दोन माणसं संध्याकाळपासून शेकोटीजवळ बसून काहीबाही पीत असतात, पण रात्री तंबूबाहेर जातात ती कुतूहलाने. कुतूहलाने! मला रात्री दोनला जंगलात बाहेर काढायला कुतूहलाच्या बापाला जमणार नाही, ते काम फक्त मूत्राशय करू शकतं.

आम्ही कॅनडात, टोरांटोजवळ मिसिसागाला राहतो. इकडे उन्हाळा आला की कॅम्पिंगला जावंच लागतं, नाही गेलं तर लोक तब्येत विचारतात. प्रांताच्या पार्कांचं बुकिंग पाच महिने आधी सकाळी सात वाजता उघडतं आणि नवरा गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट काढणाऱ्या माणसासारखा दोन लॅपटॉप आणि एक फोन घेऊन बसतो. यंदा त्याला अल्गोन्क्विनमधली आतली साइट मिळाली. आतली म्हणजे गाडी जात नाही ती, सगळं सामान कनूत, म्हणजे चिंचोळ्या होडीत घालून वल्हवत जायचं आणि मध्ये जमीन आली की तीच कनू डोक्यावर घेऊन चालायचं (याला इथे सुट्टी म्हणतात). पार्क 1893 सालचं, साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे मुंबईच्या बारा मुंबया बसतील आणि त्यात माणूस जवळजवळ नाहीच. एका साइटवर जास्तीत जास्त नऊ जण. आम्ही बरोब्बर नऊ झालो, कारण नवऱ्याच्या मित्राची आई सुपर व्हिसावर (आईवडिलांना मिळतो तो) आलेली होती आणि काकूंना एकटं घरी कसं ठेवणार. काकू वेंगुर्ल्याकडच्या, वय सत्तरीच्या पुढे. कनूत त्या मधोमध बसल्या, मांडीवर डब्यांची पिशवी, आणि पूर्ण वेळ पुढच्या माणसाला नीट वल्हव म्हणून सांगत होत्या.

आतल्या भागात काचेच्या बाटल्या आणि टिनचे डबे न्यायला बंदी आहे, त्यामुळे लोणचं आदल्या रात्री बरणीतून प्लास्टिकच्या डब्यात गेलं आणि आमची अर्धी रात्र हे गळणार की नाही यावर गेली. अस्वलांमुळे रात्री खाण्याचं सगळं एका पिशवीत भरून लांब झाडाला उंच टांगायचं असतं, टूथपेस्टसुद्धा. तंबूत कसलाही वास नको. आता आमच्या कपड्यांना गेली पंधरा वर्षं फोडणीचा वास आहे त्याचं काय करायचं, ते त्या माहितीपत्रकात दिलेलं नाही.

आणि टॉयलेट. तंबूंपासून बरंच आत, झाडीत, जमिनीवर ठेवलेली एक लाकडी पेटी, तिला भोक, भोकाला झाकण. बस्स. भिंत नाही, दार नाही, छप्पर नाही. याला थंडर बॉक्स म्हणतात. दिवसा बसलं तर समोर पाइनची झाडं, वर आभाळ, एखादी खार येऊन बघून जाते, एक प्रकारे छानच आहे. रात्रीचं मात्र सांगते.

तर मी भयकथा वाचते. लहानपणी धारप, मतकरी सगळं पांघरुणात टॉर्च घेऊन वाचलेलं आणि आता इकडे आल्यापासून अल्जर्नन ब्लॅकवुड. हा 1869 सालचा इंग्रज माणूस, विशीत कॅनडात आला, डेअरीचा धंदा केला तो बुडाला, टोरांटोत हॉटेल काढलं तेही बुडालं, मग मस्कोकातल्या एका बेटावर जाऊन राहिला. म्हणजे आपल्यातलाच, फक्त याने नंतर आयटीचा कोर्स केला नाही. त्याची 'द विलोज' 1907 ची. दोन मित्र कनूतून डॅन्यूब नदीने चाललेत, व्हिएन्ना आणि बुडापेस्टच्या मध्ये कुठेतरी वाळूच्या बेटावर मुक्काम, आजूबाजूला नजर पोचेल तिथवर वाळुंजाची झुडपं. होत काहीच नाही. एक वल्हं हरवतं. कनूला चीर पडते. पाव सापडत नाही. वाळूत नरसाळ्यासारखे खड्डे दिसतात आणि कुठूनतरी घंटेसारखा घुमणारा आवाज येत राहतो. एवढंच, आणि आपण पलंगावरून पाय खाली सोडायला तयार नसतो. त्यातल्या निवेदकाला एका गोष्टीचा मोठा आधार वाटतो, की आपला जोडीदार कल्पनाशक्ती नसलेला माणूस आहे. हे वाचून मी शेजारी बघितलं. नवरा घोरत होता. मला फार बरं वाटलं. पुढे तोच जोडीदार आणखी भयंकर बोलायला लागतो, पण ते जाऊदे.

दुसरी 'द वेन्डिगो', 1910 ची, आणि ती इथलीच, ओन्टारिओतली. मूस नावाच्या अवाढव्य हरणाच्या शिकारीला गेलेली माणसं, रॅट पोर्टेजच्या उत्तरेला, म्हणजे आताचं केनोरा. त्यात देफागो नावाचा वाटाड्या रात्री तंबूतून अक्षरशः ओढला जातो आणि मग त्याचा आवाज वरून, आभाळातून येतो, पाय जळतायत, पाय जळतायत म्हणून. ते जे काही आहे ते त्याला एवढ्या वेगाने पळवतं की पाय घासून जळतात, गळून पडतात आणि त्याजागी त्याच्यासारखेच नवे येतात. बर्फातल्या ठशांमध्ये आधी दोन वेगळे आकार, मग हळूहळू माणसाचा ठसा त्या दुसऱ्यासारखा होत जातो. मूळ वेन्डिगो हा राक्षस इथल्या आदिवासींचा, ओजिब्वे, क्री लोकांचा. तिथे तो हिवाळ्यातल्या उपासमारीचा आणि माणसाला माणूस खायला लावणाऱ्या भुकेचा आहे आणि पुष्कळ जण त्याचं नाव उगाच घेत नाहीत. ब्लॅकवुडने भूक जवळपास काढूनच टाकली. त्याचा वेन्डिगो शेवाळं खातो. हे मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे व्हेज आहे ना, मग झोप की.

झोप कशी येणार? आपल्याकडच्या भुतांची मला भीती वाटत नाही असं नाही, पण त्यांचा एक कारभार आहे. मुंजा पिंपळावर राहतो, म्हणजे पत्ता आहे. हडळीचे पाय उलटे, म्हणजे ओळख पटते. चकवा लागला तर जागच्या जागी बसायचं, उजाडलं की वाट दिसते. आणि काकूंच्या आरवलीचा वेतोबा तर राजामाणूस, त्याला नवस म्हणून केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला देतात, त्या चपला झिजतात, कारण तो रात्री गावावरून राखणीला फिरतो अशी श्रद्धा आहे. मागणं काय ते बोलता येतं, देणं काय ते ठरलेलं असतं, मध्ये बोलायला गुरव असतो. ब्लॅकवुडच्या जंगलात असलं काही नाही. त्या वाळुंजाच्या बेटावरसुद्धा शेवटी बळी लागतोच, पण कुणाला, कधी, कशासाठी, कुणाला विचारायचं, काही पत्ता नाही. तिथे जे काही आहे त्याला तुम्ही कोण याच्याशी देणंघेणंच नाही. मराठी माणूस भुताला घाबरतो ते ठीक आहे, पण जिथे नारळ चालत नाही तिथे त्याचे हातपायच गळतात.

त्यात आम्ही निघालो कनू लेकवरून. हे तळं म्हणजे टॉम थॉमसनचं. मोठा चित्रकार, 8 जुलै 1917 ला याच तळ्यावर कनू घेऊन निघाला आणि 16 तारखेला प्रेत मिळालं, कानशिलाशी जखम, घोट्याला मासेमारीची दोरी गुंडाळलेली. वय 39. आधी तिथेच पुरला, मग घरच्यांनी त्यांच्या गावी, लीथला हलवायला सांगितलं, पण खरंच हलवला का यावर अजून वाद आहे, 1956 साली काही जणांनी ती जुनी जागा उकरली तर आत एक सांगाडा निघाला, सरकार म्हणालं हा थॉमसनचा नव्हे. तेव्हापासून धुक्यात एकटा वल्हवत जाणारा माणूस दिसतो म्हणतात. ही सगळी माहिती मित्राच्या मुलाने, वय अकरा, शेकोटीजवळ मोठ्या प्रेमाने दिली. तो दोरीचा भाग त्याने दोनदा सांगितला. त्यावर मी तीन कप चहा प्यायले.

रात्री किती वाजले माहीत नाही, जाग आली. तळ्यावर लून ओरडत होता. हा पक्षी इथल्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे, दिसायला सुरेख, पण रात्री तो जे काढतो ते ऐकून या लोकांनी त्याला नाण्यावर का घेतलं कळत नाही, कदाचित घाबरून घेतला असेल. मी पडून विचार केला की सकाळपर्यंत निभेल. मग विचार केला की अर्ध्या तासापर्यंत निभेल. मग नवऱ्याला हलवलं.

"अरे ऊठ."

"अस्वल?"

"नाही, मला जायचंय."

"मग जा की."

"वेन्डिगो."

"अगं ते केनोराला आहे. दीड हजार किलोमीटरच्या वर आहे इथून."

हे तो झोपेत, डोळे न उघडता बोलला. त्याला हे अंतर माहीत होतं म्हणजे त्याने आधी नकाशात बघून ठेवलं होतं, म्हणजे त्यालाही वाटत होतं. आणि वेन्डिगोचा वेगच मुळात विषय आहे त्या गोष्टीत, दीड हजार म्हणजे काय त्याला. पण उठला बिचारा. डोक्याला हेडलॅम्प लावून मी पुढे, तो मागे, मग तो पुढे मी मागे, मग मागे काय आहे म्हणून शेजारी शेजारी, पण पायवाट एकाच माणसाची. पेटीजवळ पोचल्यावर मी त्याला दहा पावलांवर पाठ करून उभं केलं आणि सांगितलं की बोलत राहा, थांबायचं नाही. काय बोलू म्हणाला. काहीही बोल. तर तो मॉर्गेज रिन्यूअलवर बोलायला लागला, फिक्स्ड घ्यावं का व्हेरिएबल, आणि सांगते, त्या काळोखात ते व्याजदर ऐकून इतका धीर आला की मी मध्ये दोन प्रश्नही विचारले.

परत फिरताना दिव्याच्या उजेडात वाटेच्या कडेला एका दगडावर काहीतरी पांढरं दिसलं. नवऱ्याचं व्याजदर थांबलं. वाकून बघितलं तर बर्चच्या सालीवर भाताची मूद. वर दही. शेजारी सोललेलं अर्धं केळं.

तेवढ्यात मागच्या झाडीतून काकू आल्या. टॉर्च नाही, काठी नाही, पायात स्लीपर, स्वेटरवर शाल, अगदी आपल्या परसातून आल्यासारख्या.

"काकू, तुम्ही एकट्या?"

"मगे काय पालखी काढू?"

नवरा घाबराघुबरा होऊन म्हणाला, काकू हे अन्न तुम्ही ठेवलंत का, इथे असं ठेवत नाहीत, अस्वल येतं. काकूंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. त्यांचं म्हणणं असं की दुसऱ्याच्या जागेत झोपायचं तर राखणदाराला सांगायला नको का, ही काय आपल्या बापाची जमीन आहे? ते तर खरंच, जमीन मुळात अल्गोन्क्विन आदिवासींची, आम्ही तर पाच महिने आधी बुकिंग केलेले. "गाऱ्हाणा घातलंय," म्हणाल्या, "आता तुमी भियानाकात." कोणत्या भाषेत घातलं विचारल्यावर म्हणाल्या, त्याला सगळ्या येतात.

आता नवऱ्याचा प्रश्न असा, की मूद उचलली तर काकूंचा अपमान आणि नाही उचलली तर अस्वल. आणि माझा प्रश्न असा, की ठेवलेला नैवेद्य उचलायचा म्हणजे त्या जे कोणी असेल त्याच्या तोंडचा घास काढायचा, तोही गोष्टीतल्या सगळ्यात वाईट वेळी. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, दाखवून झालं की आपलंच असतं, आणा इकडे. तिथेच उभं राहून तिघांनी तो दहीभात खाल्ला, केळ्यासकट. साल झाडाला टांगलेल्या पिशवीत टाकायला नवरा एकटा गेला, मी नाही गेले.

तंबूकडे चालताना काकूंनी मला विचारलं की तू मघापासून ते कोणाचं नाव घेतेस. मी थोडक्यात गोष्ट सांगितली, वारा, वेग, पाय जळतात ते. काकू थांबल्याच. पायांचं ऐकून त्यांना फार वाईट वाटलं. अनवाणी फिरतो तर जळणारच, कोणी चपला दिल्या नाहीत का त्याला इतक्या वर्षांत? पुढच्या वर्षी येताना आरवलीहून एक जोड करून आणते म्हणाल्या, माप काय आहे ते तुझ्या पुस्तकात बघून ठेव.

मी म्हटलं, काकू, माप दिलेलं नाही, पण ठसे मोठे आणि गोल होते असं लिहिलंय.

"गोल?" काकू म्हणाल्या. "मगे आंगठो खंय घालतलो?"