ओ-झिरोवर एकेक फ्लॅग लावून बग सापडत नाही

जळगावला इंजिनिअरिंग करणाऱ्या माझ्या भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, आते काय करू?" फॉरवर्डचं म्हणणं असं: ओ-टूवर (कोड वेगवान करणारी ऑप्टिमायझेशन चालू असलेली पातळी) प्रोग्राम बिघडला तर दोष जीसीसी या सी भाषेच्या कम्पायलरचा, ओ-झिरो (ऑप्टिमायझेशन नसलेली पातळी) ठेवून ऑप्टिमायझेशनचे फ्लॅग, म्हणजे कम्पायलरला द्यायचे पर्याय, एकेक जोडत जा, ज्याने बिघडेल तो गुन्हेगार, सापडलाच नाही तर ओ-झिरोवर सबमिट करा. पोरं यापायी रात्र-रात्र जागतात, याचा मला राग आहे.

मधला मुद्दा तर निव्वळ वेडगळ. जीसीसीच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की ओ-झिरोला बहुतेक ऑप्टिमायझेशन पूर्ण बंद असतात, त्यांचे फ्लॅग वेगळे दिले तरी. पोरगा फ्लॅग जोडत जातो, प्रोग्राम ठणठणीत चालतो, त्याला वाटतं हे सगळे निर्दोष. अरे, त्यातले बहुतेक चाललेच नाहीत! वर 'हेल्प-ऑप्टिमायझर्स' या पर्यायाने फ्लॅगची यादी काढली तर तिथे ते चालू दिसतात, म्हणून शंकाही येत नाही.

करायचं ते उलटं. ओ-टू ठेवा आणि 'एफ-नो-'ने एकेक वजा करा. तेही पुरत नाही, कारण प्रत्येक पासला, म्हणजे ऑप्टिमायझेशनच्या प्रत्येक टप्प्याला, फ्लॅग नसतो. मग 'एफ-डिसेबल-ट्री-' किंवा 'एफ-डिसेबल-आरटीएल-'पुढे पासचं नाव द्या. हवं तर एकाच फंक्शनपुरता बंद होतो. क्लँग या दुसऱ्या कम्पायलरवर 'ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट'ला आकडा दिला की तिथपर्यंतचेच ऑप्टिमायझेशन पास चालतात. आकडा निम्मा-निम्मा करत गेलं की नेमका पास हाती लागतो.

कम्पायलरमध्ये बग असतात, हे मान्य. पण भाच्याच्या कोडमध्ये केळीच्या गाड्यांची वजनं मोजणारं लूप ॲरेच्या एक घर पुढे जात होतं आणि 'टोटल'ला सुरुवातीची किंमतच दिलेली नव्हती. ओ-झिरोला तिथे नशिबाने शून्य होतं. पास सापडला म्हणून तो दोषी ठरत नाही. 'एफ-नो-स्ट्रिक्ट-अलायसिंग'ने (वेगळ्या प्रकारचे पॉइंटर एकाच जागेकडे बघत नाहीत, हे कम्पायलरचं गृहीतक बंद करणारा फ्लॅग) प्रोग्राम सुधारला, तर बहुधा पॉइंटरचं कास्टिंग आपलंच चुकलेलं असतं. आधी 'डब्ल्यू-ऑल' हा इशारे देणारा फ्लॅग लावा, ॲड्रेस आणि अनडिफाइन्डचे सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना अशा चुका पकडणारी तपासणी) लावा, मग पास शोधत बसा.

ओ-झिरोवर डीबगरने एकेक ओळ बघणं सोपं जातं, तेवढ्यापुरतं ते ठीक. पण तसंच सबमिट केलं तर बग आत तसाच राहतो. कॉलेजच्या मशीनवर त्या जागी शून्य नसेल, तर एक्सटर्नलसमोर बेरीज चुकेल.